चार हजार शहाण्णव अक्षरांची खिडकी

मेनफ्रेमवर खिडकी उघडली की आधी काहीच घडत नाही.

हे उमजायला मला बरेच दिवस लागले. खिडकी उघडायची म्हणजे पलीकडचा माल अलीकडे येणार, अशी माझी समजूत. तिथे तसे नसते. प्रोग्राम म्हणतो, अमुक ऑब्जेक्टमधले, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या साठ्यातले, ३१२० क्रमांकापासूनचे चाळीस ब्लॉक मला दाखव. यंत्रणा हो म्हणते आणि परतीचा कोड शून्य देते. शून्य म्हणजे सगळे ठीक. तरीही डिस्कवरचे एक अक्षरसुद्धा जागचे हललेले नसते. पलीकडे काय असायला हवे ते ठरले आहे, पण खिडकीत अजून कोणी येऊन उभे राहिलेले नाही. मग कधीतरी प्रोग्रामची एखादी ओळ खिडकीतल्या एका जागेला हात लावते, आणि तेवढाच एक ब्लॉक डिस्कवरून उठून येतो. ४०९६ अक्षरांचा. शेजारचा येत नाही, कारण त्याला कोणी बोलावलेले नसते.

ही गोष्ट मला कळली ती १९९७ च्या पावसाळ्यात, पुण्यात, रात्रपाळीत. आमचे काम अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या जुन्या प्रोग्रामांची डागडुजी. सन दोन हजार जवळ येत होते. वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या कोबोल प्रोग्रामांच्या ओळीन् ओळी पुण्या-मुंबईतली आमच्यासारखी मुले-मुली तपासत बसली होती. मशीन सातासमुद्रापलीकडे; आमच्या हाती फक्त हिरव्या अक्षरांचा पडदा. चोवीस ओळी, ऐंशी रकाने. हे ऐंशी रकाने भोके पाडलेल्या जुन्या कार्डांकडून वारशाने आलेले. एफ-आठ दाबले की पुढचे पान, एफ-सात दाबले की मागचे. लाखो ओळींच्या फाइलीतून आपण चोवीस-चोवीस ओळींनी सरकत असतो. म्हणजे खिडकीतून बघायची सवय डोळ्यांना आधीच होती. प्रोग्रामलाही तशीच खिडकी लावून देता येते, हे मात्र नवीन होते.

निमित्त होते विम्याच्या दरांचा तक्ता. एका ओळीत १२८ अक्षरे, आणि अशा ३,२०,००० ओळी. जुना प्रोग्राम हा तक्ता वरून खाली वाचत जायचा. एखाद्या वयाचा, एखाद्या योजनेचा दर एक लाखाव्या ओळीत असेल, तर आधीच्या ९९,९९९ ओळी ओलांडूनच तिथे पोहोचायचे. आमच्या गटाचे सर जुने मेनफ्रेमवाले. त्यांनी माझ्या टेबलावर एक जाडजूड मॅन्युअल उघडून ठेवले आणि डेटा विंडोइंग सर्व्हिसेस या प्रकरणावर बोट ठेवले. "अगं, पुस्तक वाचायला पहिल्या पानापासून कशाला सुरू करतेस? पानाचा नंबर तुला माहीत आहे ना?"

नंबर काढणे अगदी सोपे होते. १२८ ची एक ओळ, म्हणजे ४०९६ च्या ब्लॉकात बरोबर ३२ ओळी. एक लाखाव्या ओळीच्या आधी ९९,९९९ ओळी. त्यांना ३२ ने भागले की ३१२४ आणि बाकी ३१. ब्लॉक शून्यापासून मोजायचे, म्हणून ही ओळ ३१२४ क्रमांकाच्या ब्लॉकातली अगदी शेवटची. मी कागदावर हा भागाकार केला, प्रोग्राममध्ये घातला, खिडकी लावली आणि त्या ओळीतला दर मागितला. दर आला. आधीच्या ९९,९९९ ओळींतल्या ९९,९६८ ओळींना धक्कासुद्धा लागला नव्हता. उरलेल्या एकतीस तेवढ्या त्याच ब्लॉकात राहत होत्या म्हणून सोबत आल्या.

त्या रात्री मी चहाला गेलेच नाही.

आत काय घडते ते सरांनी पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवले होते. तो कागद मी कितीतरी वर्षे मॅन्युअलमध्ये खूण म्हणून ठेवला होता. प्रोग्रामला ज्या स्मृतीत आपण वावरतो आहोत असे वाटते, ती सगळी खरी नसते. प्रत्येक पत्ता खऱ्या जागेत बदलून देणारे एक कोष्टक असते, आणि ज्या तुकड्याला अजून खरी जागा मिळालेली नाही त्याच्यापुढे 'हजर नाही' अशी खूण असते. प्रोग्राम अशा तुकड्याला हात लावतो तेव्हा हार्डवेअर अडते. चालू असलेली सूचना अर्ध्यात थांबते आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. ती रिकामी जागा शोधते, डिस्कवरून ब्लॉक मागवते, तोवर आमच्या प्रोग्रामला बाजूला बसवून दुसऱ्या कोणाचे तरी काम पुढे सरकवते. ब्लॉक आला की कोष्टकातली खूण बदलते, आणि अडलेली तीच सूचना पहिल्यापासून पुन्हा चालते. या वेळी अडत नाही. आपण मध्ये थांबलो होतो हे प्रोग्रामला कधीच समजत नाही. त्याच्या लेखी त्याने हात पुढे केला आणि वस्तू हाताशी होतीच.

त्या ४०९६ अक्षरांना तीन नावे आहेत, आणि ती मला फार आवडतात. प्रोग्रामच्या मानलेल्या स्मृतीत असते तेव्हा ते पेज. खऱ्या स्मृतीत जागा धरून बसते तेव्हा ती जागा म्हणजे फ्रेम. डिस्कवरच्या राखीव जागेत पाठवले की तिथली खाच म्हणजे स्लॉट. ऐवज एकच. नाव बदलते ते तो कुठे मुक्कामाला आहे त्यावरून. एकच बाई माहेरी ताई, सासरी वहिनी आणि शाळेत बाई असते, तसे.

मानलेल्या स्मृतीची ही युक्ती जुनी आहे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲटलस नावाचे यंत्र सुरू केले, त्यात ती पहिल्यांदा चालती झाली. महागडी कोअर स्मृती थोडी, फिरत्या ड्रमवरची स्वस्त स्मृती जास्त. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच सलग स्मृती वाटावी आणि इकडून तिकडे करायची हमाली यंत्राने करावी, हा त्यामागचा विचार. आयबीएमने १९७२ मध्ये ती आपल्या सिस्टिम-३७० यंत्रांवर आणली. पुढे एमव्हीएस-ईएसए या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पिढीत हायपरस्पेस नावाच्या जागा आल्या. त्यांत दोन गिगाबाइटपर्यंत माहिती मावते, पण त्या माहितीवर थेट काम करता येत नाही. लागेल ते ४०९६ च्या तुकड्यांनी आपल्या अंगणात आणावे लागते. विंडोइंग सर्व्हिसेस याच घराण्यातल्या. त्यांच्यामुळे कोबोल, फोर्ट्रान, पीएल-वन लिहिणाऱ्या साध्या माणसालाही असेंब्ली भाषेत न शिरता हा मार्ग मोकळा झाला.

साध्या माणसालाही काही पथ्ये होतीच. खिडकी कुठेही लावून चालत नाही. तिचा पत्ता ४०९६ ने भागला जायला हवा. सोळाच्या पद्धतीत लिहिला तर त्याचे शेवटचे तीन आकडे शून्य हवेत. कोबोलमध्ये आपली जागा कुठे पडेल ते आपल्या हातात नसते. म्हणून मी गरजेपेक्षा एक ब्लॉक जादा मागून घ्यायची आणि त्यात पुढे सरकत पहिल्या तीन-शून्यांच्या पत्त्यावर खिडकीची उंबऱ्याची ओळ आखायची. मागे उरलेली थोडी जागा वाया जायची. सुरुवातीला ती वाया जाताना जिवावर यायचे. नंतर समजले, की ती जागा नसती तर उंबरा सरळ बसलाच नसता.

आणखी एक हिशेब मी एकदा उगीचच केला होता. त्या मशीनवर आमच्या अक्षरांना जागा नव्हती. एका बाइटला एक रोमन अक्षर, असा तिथला बेत. आज आपण यूटीएफ-आठमध्ये लिहितो तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-वेलांटीलाही, तीन बाइट लागतात. म्हणजे एका ब्लॉकात देवनागरीची १३६५ चिन्हे बसतील आणि शेवटी एक बाइट रिकामा राहील. हा एक उरलेला बाइट माझ्या मनात घर करून आहे. आपल्या लिपीचे पान त्या चौकटीत कधीच काठोकाठ भरणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसले तिच्याकडे येते.

खिडकीतून नुसते बघायचे नसते, बदलताही येते. खिडकीतल्या ओळीत नवा दर लिहिला की तो खिडकीपुरता लिहिला जातो. मूळ ऑब्जेक्ट अजून जसाच्या तसा असतो. सी-एस-आर-सेव्ह ही आज्ञा दिली की बदल मुळापर्यंत पोहोचतो. सी-एस-आर-रिफ्र म्हटले की बदल टाकून दिला जातो आणि खिडकीत पुन्हा मूळचे दिसू लागते. हवे असेल तर मध्ये एक पडवीही घेता येते. तिला स्क्रोल एरिया म्हणतात. सी-एस-आर-स्कॉट म्हटले की बदल पडवीत जाऊन बसतो. मग खिडकी दुसरीकडे सरकवा, परत या. तुमचा बदल पडवीत तुम्हाला दिसेल, मुळात मात्र अजून गेलेला नसेल. हे सगळे मला पटले होते, आवडले होते. चुकले ते एका शब्दावर.

खिडकी लावताना एक गोष्ट सांगावी लागते: रिप्लेस की रिटेन. रिप्लेस म्हणजे बदलून टाक. रिटेन म्हणजे राखून ठेव. तक्ता दुसऱ्याचा, माहिती हजारो माणसांच्या विम्याची, आणि मी नोकरीत नवी. काय निवडायचे याचा मला क्षणभरही प्रश्न पडला नाही. 'बदलून टाक' हा शब्दच मला अंगावर आल्यासारखा वाटला. मी राखून ठेव म्हटले. जपून वागते आहे, या भावनेने म्हटले.

खिडकीची जागा वापरण्याआधी मी ती झाडून-पुसून घेतली होती. म्हणजे चाळीसच्या चाळीस ब्लॉकांत सगळीकडे बायनरी शून्ये भरली होती. मग रिटेन म्हणून खिडकी लावली. एका ओळीत दुरुस्त केलेला दर लिहिला. सेव्ह केले. तपासून पाहिले. माझी ओळ बरोबर होती. सकाळी सहाच्या बसने मी घरी गेले आणि गाढ झोपले.

दुपारी फोन आला. दरांच्या तक्त्यावर चालणारा पुढचा जॉब एस-झिरो-सी-सेव्हनने पडला होता. मेनफ्रेमवर काम केलेल्या कुणालाही हा कोड नीट माहीत असतो. ज्याला आकडा समजून हिशेबात घेतले तो आकडाच नाही, असा त्याचा अर्थ. कोबोलमधले असे दर पॅक करून साठवलेले असतात आणि त्यांच्या शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उण्याची खूण असावी लागते. तिथे नुसते शून्य असेल तर यंत्र त्याला संख्या मानायला तयार होत नाही. माझ्या एका ओळीच्या आजूबाजूला १२७९ ओळी होत्या आणि त्या सगळ्यांत शून्ये होती.

मी जपले होते, पण काय जपले होते? राखून ठेव हा शब्द खिडकीच्या बाजूने उच्चारलेला होता. खिडकीत जे आहे ते राख. पलीकडून आत काही आणू नकोस. सेव्ह म्हटल्यावर यंत्रणेने खिडकीतले सगळेच माझे लेखन मानले आणि नेऊन मुळावर ठेवले. माझी झाडलेली, पुसलेली, रिकामी खिडकी. उलट ज्या शब्दाला मी बिचकले तो सौम्य होता. रिप्लेस म्हणजे, मी हात लावेन तिथे खिडकीतले माझे बाजूला सार आणि तुझ्याकडचे मला दाखव. त्या शब्दात यायच्या आधी हात रिकामे करायचे होते. माझ्या शब्दात मी माझे शून्य ओंजळीत घेऊन गेले होते.

तो चाचणीचा तक्ता होता, खऱ्या ग्राहकांचा नव्हे; आदल्या दिवशीची प्रत होती, ती परत बसवली गेली. कुणाचे नुकसान झाले नाही. सर एवढेच म्हणाले, "तू बदललेली ओळ तपासलीस. न बदललेल्या कोणी तपासायच्या?" ते रागावले असते तर बरे, असे मला वाटले.

त्याच आठवड्यात मी गावी गेले.

माझे वडील तलाठी. माण तालुक्यातल्या एका सजात त्यांची बरीच नोकरी झाली. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, आम्ही अप्पा. लहानपणी घरात त्यांच्या दप्तराला हात लावायची आम्हाला मनाई होती. लांबून बघायची मुभा मात्र होती, आणि मी तासन् तास बघत असे. सातबाऱ्याच्या पुस्तकावर वाकलेले अप्पा, कानावर पेन्सिल, शेजारी शाईची दौत. जमीन विकली, वाटणी झाली, कोणी वारले की ते आधी गाव नमुना सहात, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद धरत. सातबाऱ्यावर तिची खूण पेन्सिलीने होई. मग संबंधितांना नोटिसा जात, चावडीवर कागद लागे, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असे. हरकत आली तर प्रकरण सहा-अ या वेगळ्या नमुन्यात जाई. नाही आली तर सर्कल अधिकारी येऊन नोंद प्रमाणित करत, आणि त्यानंतर अप्पा पेन्सिलीवरून शाई फिरवत. जुने नावही खोडत नसत. त्याला कंस करत. कंसातला माणूस वाचता येई, फक्त आता तो मालक नसे.

ओट्यावर बसून मी अप्पांना माझी चूक सांगितली. त्यांना कोबोल समजणार नाही, असे मी गृहीत धरले नव्हते. लेखी कामातली चूक त्यांना कुठल्याही भाषेतली समजत असे. खिडकी म्हणजे काय, ब्लॉक म्हणजे काय, हे मी फरशीवर खडूने काढले. बदल आधी खिडकीत राहतो, मुळात जात नाही, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पेन्सिल." मी हो म्हटले. सेव्ह म्हणजे शाई, हे त्यांनी स्वतःच ओळखले. पडवी सांगितली तर म्हणाले, "नमुना सहा." मला इतका आनंद झाला की मी पुढे बोलतच राहिले. त्यांनी हाताने थांबवले.

"हरकतीची मुदत किती?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारले, अगदी कामकाजाच्या आवाजात. पेन्सिल आणि शाई यांच्यामध्ये मुदत किती ठेवली आहे? नोटीस कुणाला जाते?

मुदत नव्हती. बदलाची ओळ आणि सेव्हची ओळ प्रोग्राममध्ये एकाखाली एक होत्या. दोघींमध्ये सेकंदाचा बारीकसा अंशही जात नसेल. नोटीस कुणालाच जात नव्हती. ज्या १२७९ ओळी पुसल्या गेल्या त्यांना बोलायला जागाच ठेवलेली नव्हती.

अप्पा म्हणाले, "बाळ, ज्याचं नाव लावायचं तो तर दारात उभाच असतो. मुदत त्याच्यासाठी नसते. ती बांधाला बांध असणाऱ्या शेजाऱ्यासाठी असते."

पुण्याला परतल्यावर मी त्या प्रोग्राममध्ये बदल आणि सेव्ह यांच्या मधोमध एक परिच्छेद लिहिला. कोबोलमध्ये आज्ञांच्या गटाला परिच्छेदच म्हणतात, पॅराग्राफ. काम साधे होते. खिडकी लावल्यावर आधीच चाळीसही ब्लॉकांवरून फिरून सगळ्या दरांची बेरीज करून ठेवायची. प्रत्येक दर खरोखर आकडा आहे का ते पाहायचे. बदल झाल्यावर पुन्हा बेरीज. दोन बेरजांतला फरक मी केलेल्या बदलाइतकाच असला तर सेव्ह. त्याहून पैशाचाही फरक पडला तर रिफ्र, आणि कुठल्या ओळीवर अडले ते छापून थांबायचे.

सरांनी कोड पाहिला तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि ती रास्त होती. खिडकीची सारी खुबी न लागणाऱ्या ब्लॉकांना हात न लावण्यात, आणि मी तर मुद्दाम प्रत्येक ब्लॉकाला हात लावत होते. एका ओळीसाठी चाळीस ब्लॉक डिस्कवरून उठवायचे. वेळ मोजला तर जेमतेम सेकंदभर जादा लागत होता. मेनफ्रेमवर सेकंद ही मोठी रक्कम असते. तिथे प्रोसेसरच्या वेळेचे बिल येते. मी सरांना सांगितले, की वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये एकही ब्लॉक जादा हलणार नाही. तिथे हवी ती ओळ, तिचा ब्लॉक, बस्स. पण जो प्रोग्राम लिहिणार आहे त्याने शेजाऱ्यांच्या दारावरून एकदा जाऊन यायलाच हवे. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठेव."

आजही मला वाटते की वाचणे आणि लिहिणे यांना यंत्रावर एकच नियम लावणे चुकीचे आहे. वाचणाऱ्याने मागावे तेवढेच घ्यावे, यात शहाणपण आहे आणि दुसऱ्याची कदरही आहे. लिहिणाऱ्याला मात्र तेवढे पुरत नाही. विंडोइंगच्या या सेवा मेनफ्रेमच्या आजच्या झेड-ओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही आहेत. पत्ते आता चौसष्ट बिटांचे झाले आणि स्मृती इतकी स्वस्त झाली, की आख्खा तक्ताच आत ओढून घ्यावा असे नव्या मुलांना सहज वाटते. ते तसे करतात आणि बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. पण सगळे आत ओढले तरी ते खिडकीतलेच असते. मूळ तिकडेच असते, आणि त्याच खिडकीतून आणखी कोणी बघत असू शकते. एकाच ऑब्जेक्टला दोन प्रोग्रामांनी खिडक्या लावल्या तर कोणी आधी लिहायचे ही रांग यंत्रणा लावून देत नाही. ती तुमची तुम्ही ठरवायची असते.

त्या परिच्छेदाला नाव द्यायचे होते. कोबोलमध्ये नाव तीस अक्षरांपर्यंत चालते, मध्ये आडव्या रेघा चालतात. आमच्याकडे अशा तपासण्यांना ठरावीक इंग्रजी नावे देण्याची पद्धत होती, पण मी रोमन अक्षरांत 'हरकत-मुदत' असे लिहिले. कोणी अडवले नाही.

प्रोग्राम पुढे समुद्रापलीकडे गेला आणि माझ्या हातून सुटला. बऱ्याच वर्षांनी तिथल्या एका तरुणाचा निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. जुना कोड आवरताना त्याला हे नाव दिसले होते. हे कशाचे संक्षिप्त रूप आहे, आणि परिच्छेद काढून टाकला तर चालेल का, एवढे दोनच प्रश्न. मी पहिल्याचे उत्तर सविस्तर लिहिले. दुसऱ्यावर लिहिले, की काढू नये.

तोवर अप्पा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. सातबारा संगणकावर आला होता. त्यांच्या हातात आता पेन्सिल फक्त वर्तमानपत्रातल्या कोड्यासाठी असे. मी फोनवर त्यांना सांगितले, की तुमचा शब्द अमेरिकेतल्या एका मशीनवर लिहिलेला आहे आणि अजून तिथेच आहे. थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही.

"कुठल्या रकान्यात?" त्यांनी विचारले.

परिच्छेदाचे नाव कोबोलमध्ये कुठून सुरू होते ते ठरलेले असते. "आठव्या," मी म्हटले.

"बरं," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.